मीडिया लॅबचे सामान विद्यार्थ्यांना आवाराबाहेर द्यावे का, आणि दिल्यास कोणत्या नियमांनी?

रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बीएएमएमसी या मल्टिमीडिया व जनसंवादाच्या पदवी अभ्यासक्रमासाठी नवी मीडिया लॅब उभी राहिली आहे. दोन मिररलेस कॅमेरे, त्यांच्या लेन्स, ट्रायपॉड, बिनतारी कॉलर माइक, एक शॉटगन माइक (समोरच्या दिशेचाच आवाज टिपणारा लांबट माइक), एक ऑडिओ रेकॉर्डर, एलईडी दिवे आणि संकलनासाठी काही संगणक एवढे सामान आले आहे. इतके महागाचे सामान आवाराबाहेर जाऊ देऊ नये, असे प्राचार्यांचे मत आहे. आवारातच चित्रीकरण करायचे तर माहितीपटाला विषय तरी कोणता घ्यायचा, असे विद्यार्थी विचारत आहेत. लॅबची जबाबदारी ज्यांच्याकडे आली आहे त्या प्राध्यापिकांनी दोन्ही बाजू सांभाळणारी नियमावली कशी करावी, असा प्रश्न केला आहे. अशा लॅबचा कारभार मी मुंबईत आणि पुण्यात बरीच वर्षे पाहिला असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

सामान बाहेर गेलेच पाहिजे, हे माझे मत मी आधीच सांगून टाकतो. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव, आंब्याच्या बागेतली फवारणी किंवा गावातला शिमगा यांपैकी काहीही महाविद्यालयाच्या आवारात होत नाही, आणि ज्या विद्यार्थ्याने गर्दीत, वाऱ्यात, मावळत्या प्रकाशात कॅमेरा हाताळलेला नाही त्याला हा विषय आला असे म्हणता येत नाही. शिवाय कपाटात ठेवलेले सामान सुरक्षित असते, हा समजच चुकीचा आहे. वापरात नसलेल्या बॅटऱ्या हळूहळू उतरतात आणि पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिल्या की कायमच्या निकामी होतात. बंद, अंधाऱ्या आणि दमट कपाटात लेन्सवर बुरशी येते. रेकॉर्डरमध्ये विसरलेले पेन्सिल सेल फुटून आतले संपर्क गंजतात. म्हणून नियमावलीचा भर सामान अडवण्यावर नसावा. बाहेर गेलेला प्रत्येक नग कोणत्या अवस्थेत गेला आणि कोणत्या अवस्थेत परत आला हे दोन माणसांनी मिळून पाहिलेले असावे, आणि झालेला बिघाड लपवण्याचे कोणालाही कारण उरू नये, या दोन गोष्टी साधल्या की बाकीचे नियम त्यांच्या आधाराने उभे राहतात.

पहिले काम नोंदीचे. महाविद्यालयाचे डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ मालमत्तेची नोंदवही, हे लेखापरीक्षणासाठी असते. त्यात ‘कॅमेरा, नग २’ एवढेच लिहिलेले असते आणि देवघेवीसाठी त्याचा काही उपयोग होत नाही. लॅबची स्वतंत्र देवघेव नोंदवही ठेवावी आणि सामान सुट्या नगांऐवजी संचांत लावावे. ‘कॅमेरा संच अ’ म्हटले की त्यात कॅमेरा, ठरलेली लेन्स, दोन बॅटऱ्या, चार्जर, दोन कार्डे, पुढचे आणि मागचे झाकण, ट्रायपॉडची प्लेट (कॅमेरा ट्रायपॉडवर बसवण्याची पट्टी) आणि बॅग हे सर्व आले. संचातील प्रत्येक वस्तूवर त्या संचाचा क्रमांक चिकटवावा, अनुक्रमांक नोंदवहीत लिहावेत आणि सगळा संच टेबलावर मांडून काढलेले छायाचित्र बॅगेच्या झाकणाच्या आत लावावे. रात्री उशिरा चित्रीकरण आटोपून सामान आवरणाऱ्या मुलांना यादी वाचण्याइतका उत्साह नसतो; छायाचित्र मात्र एका नजरेत पाहता येते. लॅबमधून सर्वांत जास्त वेळा हरवणारी वस्तू म्हणजे ट्रायपॉडची प्लेट, कारण ती कॅमेऱ्याच्या तळाला चिकटून राहते आणि दुसऱ्याच संचाबरोबर निघून जाते. प्लेट नसली तर ट्रायपॉडचा काहीच उपयोग नाही आणि वेगळ्या कंपनीची प्लेट बहुधा बसत नाही. तेव्हा प्लेटला रंगीत पट्टी लावून तिची नोंद स्वतंत्र करावी.

सामान देण्याची आणि घेण्याची वेळ ठरलेली असावी, आणि ती तपासणीला पुरेशी असावी. तास संपल्यावर घाईघाईने पाच गटांना सामान वाटणे म्हणजे पुढच्या भांडणांची सोय करून ठेवणे. देताना लॅब सहायक आणि विद्यार्थी यांनी एकत्र बसून कॅमेरा सुरू करावा, लेन्स काढून आतले संपर्क आणि सेन्सर नुसते पाहावेत (त्याला बोट किंवा फुंकर लावू नये), दहा सेकंदांचे चित्रीकरण करून माइकसकट ते हेडफोनवर ऐकावे आणि मगच सही करावी. परत घेताना नेमके हेच पुन्हा करावे. विद्यार्थी समोर असतानाच ही तपासणी व्हायला हवी. बॅग टेबलावर ठेवून तो निघून गेला की पुढे सापडलेल्या बिघाडाचा दोष कोणावरही सिद्ध होत नाही आणि बहुतेक वेळा तो बिचाऱ्या लॅब सहायकाच्या माथी येतो. लेन्स पाहण्याची रीत सोपी आहे. दोन्ही झाकणे काढून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च धरावा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. धूळ ठिपक्यांसारखी दिसते, ओरखडा चमकतो आणि बुरशी बारीक धाग्यांच्या जाळीसारखी दिसते. हे एकदा शिकलेले विद्यार्थी पुढे स्वतःहून लेन्स पाहून घेतात.

परतीच्या वेळी कॅमेऱ्याची मांडणीही पूर्ववत करून घ्यावी. एखाद्या गटाने संथ गतीच्या दृश्यासाठी फ्रेम रेट (सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या) ५० किंवा ६० वर नेलेला असतो, शटर बदललेले असते, आणि पुढचा गट तसाच कॅमेरा घेऊन एखाद्या वर्गात मुलाखत चित्रित करतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने १/६० सेकंदाच्या शटरवर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते आणि ते संकलनाच्या वेळी पडद्यावर पाहिल्यावरच लक्षात येते. तोवर मुलाखत देणारी व्यक्ती निघून गेलेली असते. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याची प्रमाण मांडणी, म्हणजे २५ फ्रेम, १/५० शटर, ठरलेले रेझोल्यूशन, आवाजाची पातळी हाताने ठेवलेली, एका कार्डावर लिहून बॅगेत ठेवावी.

सामान कोणाला द्यायचे, हा पुढचा प्रश्न. प्रवेश घेतला म्हणून प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून हक्क, असे मी कधी ठेवले नाही. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक विद्यार्थ्याची अर्ध्या तासाची प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. त्यात ट्रायपॉड उतारावर समतल उभा करता यावा, शॉटगन माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्या केबलमधूनच दिली जाणारी वीज) कधी द्यायचा आणि केबल काढण्यापूर्वी तो बंद का करायचा हे सांगता यावे, केबलला पीळ न पाडता गुंडाळता यावी आणि कार्डावरचे चित्रीकरण संगणकावर उतरवून ते उघडते का हे पाहता यावे. केबल गुंडाळण्याचा आग्रह काहींना क्षुल्लक वाटतो, पण कोपर आणि अंगठ्याभोवती आवळून गुंडाळलेल्या केबलमधील तारा आतून तुटतात आणि मग ऐन मुलाखतीत खरखर सुरू होते. चाचणीत जो आज कमी पडला त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा संधी द्यावी. चाचणीचा उद्देश गाळणे हा नसावा. सही मात्र ‘गट क्रमांक ३’ अशी कधीही घेऊ नये. सामान एका नावावरच जाते, आणि ज्याच्या नावावर गेले त्यानेच ते परत आणायचे. मधल्या वेळेत एका गटाने दुसऱ्याकडे सामान परस्पर सोपवण्यास पूर्ण बंदी असावी, कारण जबाबदारीची साखळी तिथेच तुटते.

मुदतीबद्दल माझा अनुभव असा की शुक्रवारी संध्याकाळी न्यावे आणि सोमवारी सकाळी आणावे ही व्यवस्था लहान लॅबला सर्वांत मानवते. एरवी एका दिवसासाठी द्यावे. अभ्यासक्रमातील प्रकल्पाला पहिले प्राधान्य, त्यानंतर महोत्सव आणि स्पर्धा. खासगी कामासाठी, विशेषतः लग्नसमारंभाच्या ऑर्डरींसाठी, सामान मिळणार नाही हे स्पष्ट शब्दांत लिहावे, कारण मे महिन्यात हा मोह सर्वांनाच होतो. उशीर झाल्यास पैशांचा दंड घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ज्याच्या घरी पैसे आहेत तो दंडाला भाडे समजून कॅमेरा आणखी दोन दिवस ठेवतो, आणि ज्याच्या घरी नाहीत तो दंडाच्या धास्तीने सामान मागायलाच येत नाही. उशीर करणाऱ्याची पुढची पाळी जावी, एवढी शिक्षा पुरते. तिची झळ सर्वांना सारखी लागते.

नुकसानभरपाईचा नियम लिहिताना सर्वांत जास्त विचार करावा, कारण नियमावली टिकणार की नाही ते इथे ठरते. ‘झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई विद्यार्थ्याकडून वसूल केली जाईल’ हे वाक्य बहुतेक महाविद्यालयांच्या हमीपत्रात असते. त्याचा परिणाम असा होतो की पडलेला कॅमेरा पुसून, बॅगेत नीट ठेवून मुकाट्याने परत येतो, आणि तडा गेलेला माउंट (लेन्स जिथे बसते ती कडी) तीन गटांनंतर पूर्ण निखळतो. त्याऐवजी तीन प्रकार वेगळे करावेत. रोजच्या वापराने होणारी झीज, म्हणजे सैल झालेला कनेक्टर, विरलेला पट्टा, दमलेली बॅटरी, हा लॅबचा खर्च आहे. त्यासाठी दरवर्षी अंदाजपत्रकात तरतूद हवी. काळजी घेऊनही झालेला अपघात परत आल्याच्या दिवशीच लेखी कळवला, तर दुरुस्तीचा काही भाग लॅबने उचलावा आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला येणाऱ्या रकमेला आधीच ठरवलेली कमाल मर्यादा असावी. उघड निष्काळजीपणा, जसे भरतीच्या वेळी ट्रायपॉडवर कॅमेरा एकटा सोडून जाणे, याला वेगळा निकष लावावा. तिथेही भरपाई नव्या किमतीवर न लावता वापरलेल्या वर्षांप्रमाणे घटवलेल्या किमतीवर लावावी. या तिन्हींहून गंभीर धरावे ते लपवणे, मग नुकसान कितीही लहान असो. ज्याने स्वतःहून सांगितले त्याची देवघेव चालू राहते आणि ज्याने लपवले त्याची त्या सत्रापुरती थांबते, हे विद्यार्थ्यांनी एकदा प्रत्यक्ष पाहिले की मुले बॅग टेबलावर ठेवता ठेवताच काय झाले ते सांगू लागतात. भरपाईचा निर्णय लॅबच्या प्रभारींनी एकट्याने घेऊ नये. विभागातील एक प्राध्यापक आणि वरच्या वर्गातील एक विद्यार्थी प्रतिनिधी सोबत असावा.

अनामत रक्कम घ्यायचीच असेल तर ती नाममात्र असावी आणि सत्र संपताच विनाविलंब परत मिळावी. खरे संरक्षण विम्यातून येते. मात्र संस्थेचा सर्वसाधारण विमा पुष्कळदा इमारतीत असलेल्या वस्तूंपुरताच असतो; आवाराबाहेर नेलेल्या उपकरणांसाठी वेगळी तरतूद लागते. पॉलिसी घेण्यापूर्वी सामान विद्यार्थ्याच्या ताब्यात असताना आणि बंद गाडीत ठेवलेले असताना संरक्षण मिळते का, हे लेखी विचारून घ्यावे. चोरी झाल्यास विद्यार्थ्याने त्याच दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून प्रत आणावी. ‘गहाळ’ आणि ‘चोरी’ या दोन नोंदींत विम्याच्या दृष्टीने फार फरक असल्याने तक्रार घडले तशीच आणि नेमकी लिहिलेली असावी, आणि अनुक्रमांक हाताशी असावेत.

आता कोकणच्या हवेविषयी, कारण तयार नियमावल्यांत हा भाग नसतो. लेन्ससाठी सापेक्ष आर्द्रता साधारण ४० ते ५० टक्के असावी. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या साध्या खोलीत ती ८० च्या वर सहज जाते आणि तशा हवेत काही आठवड्यांत बुरशी धरते. विजेवर चालणारे कोरडे कपाट ही चैनीची वस्तू नव्हे. आणखी एखादा कॅमेरा घेण्याआधी ते घ्यावे. ते येईपर्यंत घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत ओलावा शोषणारे सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावर भागते. रंग बदललेले सिलिका जेल तापवून पुन्हा वापरता येते. लेन्स कधीही बॅगेत साठवू नये, कारण बॅगेचा स्पंज ओलावा धरून ठेवतो. वातानुकूलित लॅबमधून कॅमेरा एकदम बाहेर काढला की काचेवर आणि आतही दव जमते, म्हणून बॅग न उघडता ती बाहेरच्या हवेत अर्धा तास राहू द्यावी. समुद्रावरून परत आलेले सामान गोड्या पाण्यात किंचित ओलसर केलेल्या फडक्याने आणि नंतर कोरड्या फडक्याने पुसून मगच घ्यावे. वाळूत ट्रायपॉड उभा करताना सर्वांत खालचा टप्पा आधी पूर्ण बाहेर काढावा, म्हणजे सांधे वाळूच्या आणि पाण्याच्या वर राहतात. वाळू गेलेला सांधा आवळताना ऐकू येणारी करकर हे परतीच्या तपासणीत कान देऊन ऐकण्याचे काम आहे. कॅमेरा भिजलाच तर तो चालतो का हे पाहण्यासाठी सुरू करू नये. बॅटरी आणि कार्ड काढावे, कोरड्या कापडात गुंडाळावा आणि थेट लॅबमध्ये आणावा. हेअर ड्रायरने वाळवण्याचा प्रयत्न बहुतेकदा ओलावा आणखी आत ढकलतो.

विजेबाबत थोडक्यात सांगतो. एलईडी दिव्यांमुळे धोका बराच कमी झाला आहे, पण एखाद्या संस्थेने जुने १००० वॅटचे हॅलोजन दिवे देणगी म्हणून दिले असतील तर एकेक दिवा २३० व्होल्टवर चार अँपिअरहून अधिक वीज घेतो. गावातल्या घरात एकाच ६ अँपिअरच्या सॉकेटवर एक्स्टेन्शन लावून दोन दिवे पेटवू देऊ नयेत. प्रत्येक दिव्याच्या स्टँडवर वाळूची पिशवी हवी. बॅटऱ्या रात्रभर कोणी नसताना चार्जिंगला ठेवू नयेत, आणि फुगलेली बॅटरी वेगळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवून ई-कचऱ्यात द्यावी. कोणी विमानाने जाणार असेल तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात.

संकलन कक्षातले वाद बहुतेक सामानाऐवजी फाइलींवरून होतात. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रीकरण केले तर तासाला सुमारे ४५ जीबी साठा लागतो, म्हणजे ६४ जीबीचे कार्ड दीड तासही पुरत नाही, आणि चार गटांनी आपापले काम संगणकावर टाकले की डिस्क भरते. मग कोणीतरी जागा करण्यासाठी दुसऱ्याचे फोल्डर पुसते. म्हणून प्रत्येक गटाला स्वतंत्र फोल्डर आणि ठरलेली जागा द्यावी, पुसण्याचा अधिकार फक्त लॅब सहायकाकडे ठेवावा, आणि सत्राअखेरीस पंधरा दिवस आधी सूचना लावूनच डिस्क रिकामी करावी. परत आलेले कार्ड लगेच फॉरमॅट करू नये. चित्रीकरण दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून उघडून पाहिल्याची सही झाल्यावर, आणि तेही कॅमेऱ्यातच, ते फॉरमॅट करावे. संकलनासाठी डाव्हिन्ची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातील प्रकल्प साध्या फाइलीत न राहता डेटाबेसमध्ये राहतो, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगावे. नुसते चित्रफितींचे फोल्डर पेन ड्राइव्हवर नेणारा विद्यार्थी घरी गेल्यावर पाहतो तर संकलन सोबत आलेलेच नसते. लॅबमध्ये चोरीचे सॉफ्टवेअर कोणत्याही सबबीवर घालू देऊ नये. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पदवीच्या कामाला पुरते.

सामानाबरोबर महाविद्यालयाचे पत्र देण्याची पद्धत पाडावी. त्यात विद्यार्थ्याचे नाव, विषय, तारीख, संचाचा क्रमांक आणि प्रभारींचा दूरध्वनी असावा. पण हे पत्र म्हणजे परवानगी नव्हे, हे विद्यार्थ्यांना समजावून द्यावे. स्थानकावर चित्रीकरण करायचे तर कोकण रेल्वे महामंडळाची परवानगी लागते, आणि त्याचे मुख्यालय बेलापूरला असल्याने अर्ज बराच आधी जायला हवा. सुवर्णदुर्गासारख्या केंद्रीय संरक्षित किल्ल्यावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला विचारावे लागते. ड्रोन लॅबचा नसला तरी विद्यार्थी मित्राचा आणतात; ड्रोन नियम, २०२१ नुसार त्याची नोंदणी आणि त्या जागेचा हवाईक्षेत्र नकाशा पाहिल्याशिवाय महाविद्यालयाच्या प्रकल्पात त्याचे चित्रीकरण स्वीकारू नये. रत्नागिरीत तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे, तेव्हा तिथे ही काळजी दुप्पट घ्यावी. मुलाखत देणाऱ्याची लेखी संमती, आणि लहान मूल असेल तर पालकांची, हा कागदही परतीच्या वेळी जमा करून घ्यावा.

एक अवघड बाब उरते. लॅबचे सामान जास्त करून विद्यार्थ्यांकडून हरवत नाही. ते स्नेहसंमेलनाला, पाहुण्यांच्या व्याख्यानाला, संस्थाचालकांच्या कार्यक्रमाला ‘जरा तासाभरासाठी’ म्हणून शिपायाच्या हाती नोंद न करता जाते आणि दोन माइक कमी होऊन परत येते. त्यानंतर विद्यार्थ्यांना नियम सांगण्याचा नैतिक अधिकार प्रभारींकडे राहत नाही. म्हणून नियमावलीवर प्राचार्यांची सही घेताना, ‘कोणत्याही प्राध्यापकाला, कार्यालयाला किंवा कार्यक्रमाला सामान देताना हीच तपासणी आणि हीच सही लागेल’ हे कलम त्यांच्याबरोबर बसून वाचावे.

प्राचार्यांची भीती खरी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. पहिल्या सत्रात दोनपैकी एकच कॅमेरा संच, चाचणी उत्तीर्ण झालेल्यांना, शुक्रवार ते सोमवार एवढ्याच मुदतीत बाहेर द्यावा आणि दुसरा आवारात ठेवावा. दिवाळीच्या सुटीपूर्वी दोन्ही संचांची टॉर्च लावून तपासणी करावी, देवघेव नोंदवही आणि विद्यार्थ्यांनी आणलेले चित्रीकरण प्राचार्यांसमोर ठेवावे, आणि दुसऱ्या संचाबद्दलचा निर्णय त्यांनी ते पाहून घ्यावा.